देशांच्या बांधावर उभा ख्रिस्त

दक्षिण अमेरिका खंडाच्या पश्चिम कडेने अँडीज पर्वताची प्रचंड रांग उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली आहे. या रांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, प्रभू येशू ख्रिस्ताची एक ब्राँझची मूर्ती उभी आहे. डाव्या हातात क्रूस आहे, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे. मूर्तीच्या एका अंगास आर्जेंटिना हा देश, दुसऱ्या अंगास चिली. आसपास गाव नाही, शेत नाही, झाडाची सावली नाही. उघडे खडक, वारा आणि वर्षातील कित्येक महिने बर्फ, एवढाच तेथील परिवार. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे. त्याच्या दुपटीहूनही अधिक उंचीवर हा ख्रिस्त दोन राष्ट्रांच्या बांधावर उभा आहे.

तेथे जाण्याची वाट पुरातन आहे. आर्जेंटिनातील मेंदोसा हे द्राक्षमळ्यांचे शहर मागे टाकून पश्चिमेकडे निघाले, की नदीच्या काठाकाठाने रस्ता डोंगरात शिरतो. हिरवळ हळूहळू संपते. तांबड्या, पिवळ्या, काळसर दगडांचे डोंगर दोन्ही बाजूंनी चढत जातात. वाटेत ‘पुएन्ते देल इन्का’ नावाचा, निसर्गानेच घडविलेला दगडी पूल लागतो. पुढे उजव्या हातास आकोंकाग्वा शिखराचे दर्शन होते. त्याची उंची ६,९६१ मीटर. आशिया खंडाबाहेर याहून उंच पर्वत पृथ्वीवर नाही. मग लास क्वेवास नावाची चिमुकली वस्ती येते आणि तेथून जुना कच्चा रस्ता वळणावळणाने मूर्तीपर्यंत चढतो. १९८० साली या डोंगराच्या पोटातून तीन किलोमीटरांहून थोडा लांब बोगदा खुला झाला. तेव्हापासून मोटारी आणि मालवाहू गाड्या खालून निघून जातात. वर ख्रिस्ताच्या पायांशी केवळ उन्हाळ्यात, मुद्दाम जाणाराच जातो. या वाटेवर अठराव्या शतकात टपालवाल्यांसाठी विटांच्या लहान खोप्या बांधल्या होत्या. वादळात सापडलेल्या माणसाने तेथे शिरावे, साठवून ठेवलेले लाकूड पेटवावे आणि जीव वाचवावा, ही त्यामागील योजना. त्यांपैकी काही खोप्या अजून उभ्या आहेत. या डोंगरात माणसाला माणसाची गरज किती आहे, हे त्या मुक्या भिंती सांगतात.

या मूर्तीची कथा मी सेमिनरीत असताना एका जुन्या पुस्तकात वाचली आणि पुढे धर्मगुरू झाल्यावर अनेकदा प्रवचनातून सांगितली. दोन ख्रिस्ती देश सीमेवरून लढाईस सिद्ध झाले. मग त्यांना सुबुद्धी झाली. त्यांनी सीमेवर ख्रिस्ताची मूर्ती उभारली आणि भांडण मिटले. कथा सुंदर आहे, आणि प्रवचनास सोयीचीही आहे. बांधाच्या वादावरून दुरावलेल्या दोन घरांचा समेट घडविताना मी ती सांगितली होती. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध आजींनी मला विचारले, “फादर, मूर्ती उभी केल्यावर ते पुन्हा कधी भांडलेच नाहीत व्हय?” मी काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. शोध घेतला, तेव्हा मी अर्धीच कथा सांगत आलो होतो असे आढळले. आज वाचकांपुढे ती पुरी मांडण्याचा विचार आहे.

हे दोन्ही देश पूर्वी स्पेनच्या साम्राज्यात होते. स्वातंत्र्यासाठी ते खांद्यास खांदा लावून लढले. १८१७ साली होसे दे सान मार्टिन या सेनानीने आर्जेंटिनाच्या बाजूने आपले सैन्य अँडीजपार नेले. त्या सैन्यात चिलीचे परागंदा देशभक्तही होते आणि त्यांचा पुढारी बेर्नार्दो ओहिगिन्स सान मार्टिनच्या सोबत होता. सैन्याची एक तुकडी ज्या वाटेने गेली, ती हीच आपली मूर्तीकडची वाट. फेब्रुवारी महिन्यात चाकाबुको येथे त्यांनी स्पेनच्या फौजेचा पराभव केला. एका रणांगणावर रक्त सांडलेले हे दोन भाऊ. मोठे साम्राज्य मोडले, घर वाटले गेले, आणि मग जे घरोघरी होते तेच झाले: बांध कोठे, हा प्रश्न उभा राहिला.

या बांधाची लांबी थोडीथोडकी नव्हे, सुमारे ५,३०० किलोमीटर आहे. १८८१ साली दोन्ही देशांनी तह केला. सीमा अँडीजच्या सर्वोच्च शिखरांवरून जाईल, जी शिखरे पाणी दोहोंकडे विभागतात त्यांवरून, असे त्यात लिहिले गेले. वाचताना शब्द अगदी स्पष्ट वाटतात. परंतु भांडणाचे बी त्या शब्दांतच पेरले गेले होते.

ते कसे, हे बेळगावकडच्या वाचकांस सहज समजेल. आपल्या खानापूर तालुक्यात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला भेटावयास जाते. त्याच तालुक्यातून म्हादई निघते आणि पश्चिमेकडे गोव्यात उतरते. दोन नद्यांचे पाणी जेथे वेगळे होते, ती रेषा म्हणजे पाणलोटाची रेषा. आता सर्वांत उंच डोंगर जेथे आहे तेथेच ही रेषा असेल, असा नियम नाही. उत्तर भागात अँडीजची उंच शिखरे आणि पाणलोट बहुतांशी एकाच ठिकाणी आहेत. परंतु दक्षिणेस, पाटागोनिया प्रदेशात, उंच शिखरे पश्चिमेस राहतात आणि पाणलोट मात्र पूर्वेकडे पार सपाटीपर्यंत सरकतो. तेथील नद्या पर्वताची मुख्य रांग फोडून पश्चिम समुद्रास मिळतात. म्हणून आर्जेंटिना म्हणे, “तहात सर्वोच्च शिखरे लिहिली आहेत.” चिली म्हणे, “तहात पाणी विभागणारी लिहिली आहेत.” दोघांच्याही हातात तोच कागद, दोघांचीही सही त्यावर, आणि दोन अर्थांच्या मध्ये सुमारे ९४ हजार चौरस किलोमीटर भूमी.

आर्जेंटिनाच्या बाजूने फ्रान्सिस्को मोरेनो आणि चिलीच्या बाजूने दिएगो बार्रोस आराना असे दोन विद्वान हा वाद लढवीत होते. मोरेनो यांनी १८९८ साली एक विलक्षण गोष्ट केली. फेनिक्स नावाची एक लहान नदी पश्चिमेकडील सरोवरास मिळत होती. तिचे जुने, कोरडे पात्र पूर्वेकडे जात असलेले त्यांनी पाहिले. गडी लावून थोड्याच दिवसांत चर खणला आणि नदीचे पाणी पूर्वेकडे, अटलांटिक महासागराकडे वळविले. शेतकऱ्याने पाटाचे पाणी फावड्याने वळवावे, तसे. जी रेषा चार गडी फावड्याने बदलू शकतात, तिच्यावर दोन राष्ट्रांची सीमा कशी ठरवावी, हा त्यांचा मुद्दा होता. बुद्धिमत्तेचे कौतुक वाटते. परंतु दोन्हीकडे बुद्धिमान माणसे असूनही वाद मिटत नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

उलट तो चिघळत गेला. दोन्ही देश युद्धनौका विकत घेऊ लागले. राष्ट्राचा पैसा तोफांत जाऊ लागला. १८९८ साली लढाई अगदी दारात आली होती. पुढील वर्षी उत्तरेकडील आताकामाच्या पठाराचा प्रश्न अमेरिकेच्या वकिलाच्या साह्याने सुटला. दक्षिणेचा मात्र इंग्लंडच्या राजापुढे निवाड्यास गेला. अखेर मे १९०२ मध्ये उभयतांनी करार केले. वाद पंचापुढे न्यावेत आणि आरमारे मर्यादित ठेवावीत, असे ठरले. युरोपात बांधल्या जात असलेल्या आपापल्या दोन दोन युद्धनौका त्यांनी सोडून दिल्या. चिलीच्या नौका इंग्लंडने घेतल्या, आर्जेंटिनाच्या जपानने. एकमेकांवर रोखण्यासाठी मागविलेली शस्त्रे विकून टाकण्याचे धैर्य राष्ट्रांना क्वचितच होते.

पंच होते इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड. भूमी प्रत्यक्ष पाहण्यासाठी त्यांच्या वतीने सर टॉमस होल्डिच हे गेले. या गृहस्थांचे आयुष्य आपल्या हिंदुस्थानच्या मोजणी खात्यात, वायव्य सरहद्दीचे डोंगर मोजण्यात गेले होते. पाटागोनियातील एका खोऱ्यात वेल्स देशातून आलेले शेतकरी वस्ती करून होते. ३० एप्रिल १९०२ रोजी तेथील शाळेत त्यांना विचारण्यात आले, की तुम्हांस कोणत्या देशात राहावयाचे आहे. त्यांनी आर्जेंटिना म्हटले. शिखरांचे आणि पाण्याचे म्हणणे पुष्कळांनी ऐकले होते. त्या भूमीवर नांगर धरणाऱ्यांनाही कोणी विचारले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात फार मोलाची वाटते. नोव्हेंबर १९०२ मध्ये राजाने निवाडा दिला. वादातील भूमीपैकी सुमारे ५४ हजार चौरस किलोमीटर चिलीस आणि सुमारे ४० हजार आर्जेंटिनास मिळाली. वेल्श शेतकऱ्यांचे खोरे आर्जेंटिनात राहिले. कोणाचेच सगळे म्हणणे मान्य झाले नाही, आणि दोघांनीही निवाडा मानला.

मूर्तीचा जन्म याच दिवसांतला. आर्जेंटिनातील कुयो प्रांताचे बिशप मार्कोलिनो बेनावेन्ते यांनी ख्रिस्त तारणाऱ्याची भव्य मूर्ती उभारण्याचा संकल्प केला होता. मातेओ आलोन्सो या शिल्पकाराने ती घडविली. जुन्या तोफा वितळवून तिचे ब्राँझ ओतले, असे सांगतात. मूर्ती ब्युनोस आयर्स शहरातील एका धर्मसंघीय शाळेच्या अंगणात उभी होती. तेव्हा आंखेला दे ऑलिव्हेरा सेसार दे कोस्ता या बाईंच्या मनात विचार आला, की या मूर्तीची खरी जागा शाळेचे अंगण नव्हे, सीमेचा माथा आहे. त्यांनी ख्रिस्ती मातांचा संघ उभा केला, राष्ट्राध्यक्ष हूलियो रोका यांचे मन वळविले, आणि काम तडीस नेले. युद्ध झाले असते तर ज्यांचे मुलगे गेले असते, त्या मातांनीच ही मूर्ती डोंगरावर चढविली असे म्हटले तरी चालेल.

सुमारे सात मीटर उंचीची, चार टन वजनाची ती मूर्ती. तिचे भाग सुटे करून रेल्वेने सुमारे १,२०० किलोमीटर आणले आणि तेथून खेचरांच्या बळावर उंच चढावावर ओढून नेले. १३ मार्च १९०४ रोजी तिचे अनावरण झाले. दोन्ही देशांतून सुमारे तीन हजार माणसे वर चढून आली होती. थोड्या वर्षांपूर्वी एकमेकांवर चालून जाण्याच्या तयारीत असलेल्या दोन्ही सैन्यांनी त्या दिवशी शेजारी शेजारी उभे राहून तोफांची सलामी दिली. चिलीचे बिशप रामोन आंखेल हारा यांनी तेथे बोलताना सांगितले, की ख्रिस्ताच्या पायांशी घेतलेली शांततेची शपथ ही दोन राष्ट्रे मोडतील, त्याआधी हे पर्वत कोसळून पडतील. पुढे १९३७ साली ते शब्द मूर्तीच्या पायथ्याशी पाटीवर कोरण्यात आले.

माझे प्रवचन येथे संपत असे. आता उरलेली अर्धी कथा.

अँडीजची रांग दक्षिणेस शेवटी समुद्रात बुडते. तेथे बेटे आहेत, अरुंद खाड्या आहेत. बीगल या सामुद्रधुनीच्या पूर्व मुखाशी पिक्टन, नुएवा आणि लेनॉक्स अशी तीन लहान बेटे आहेत. ती कोणाची, याविषयी १८८१ च्या तहाचा अर्थ पुन्हा दोघांनी दोन प्रकारे लावला. बेटे लहान, पण ज्याची बेटे त्याचा सभोवारचा समुद्र, म्हणून त्यांचे महत्त्व मोठे. १९७१ साली वाद पुन्हा इंग्लंडच्या राजगादीपुढे पंचनिवाड्यास गेला. १९७७ साली निकाल लागला आणि तिन्ही बेटे चिलीची ठरली. जानेवारी १९७८ मध्ये आर्जेंटिनाने तो निकाल अमान्य केला. दोन्ही देशांत त्या वेळी लष्करी राजवटी होत्या. वाटाघाटी झाल्या, फिसकटल्या. सीमेवर खंदक खणले गेले, चिलीने डोंगरवाटांत सुरुंग पेरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, आर्जेंटिनाचे आरमार बेटांकडे निघाले आणि सैन्य सीमेवर सज्ज झाले. दोन्हीकडच्या सैनिकांच्या गळ्यात जपमाळा होत्या. दोन्हीकडच्या माता एकाच पवित्र मातेजवळ आपल्या मुलासाठी प्रार्थना करीत होत्या. पर्वत कोसळले नव्हते. शपथ मात्र कोसळण्याच्या बेतात होती, आणि ब्राँझचा ख्रिस्त माथ्यावर उभा राहून ते पाहत होता.

त्या वर्षी रोममध्ये तीन परमगुरू झाले. पोप पहिले जॉन पॉल हे अवघे तेहतीस दिवस त्या आसनावर होते. तेवढ्यातही सप्टेंबरमध्ये त्यांनी दोन्ही देशांच्या बिशपांना शांततेसाठी पत्र लिहिले. त्यांच्यामागून आलेले पोप दुसरे जॉन पॉल यांची निवड होऊन दोन महिनेच झाले होते. २२ डिसेंबर १९७८ रोजी, हल्ला होण्यास काही तासांचाच अवधी असताना, आपण आपला दूत पाठवीत आहोत असे त्यांनी दोन्ही सरकारांस कळविले. समुद्रावर वादळ उठलेले होते. आरमाराची गती आधीच मंदावली होती. हल्ला थांबविण्यात आला. नाताळ होताच कार्डिनल आन्तोनियो सामोरे विमानाने ब्युनोस आयर्सला उतरले.

कार्डिनल सामोरे तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. या वयात माणूस जपमाळ घेऊन ओसरीवर बसतो. ते मात्र ब्युनोस आयर्सहून सान्तियागोला आणि सान्तियागोहून ब्युनोस आयर्सला, त्याच अँडीजवरून, येरझारा घालू लागले. याचे ऐकावे, त्याला सांगावे. त्याचे ऐकावे, याला सांगावे. रागाचे शब्द वाटेतच गाळावेत आणि कामाचे तेवढे पोहोचवावेत. ८ जानेवारी १९७९ रोजी मोन्टेव्हिडिओ येथे दोन्ही देशांनी करारावर सही केली: बळाचा वापर करणार नाही, सैन्ये मागे घेऊ, आणि परमगुरूंची मध्यस्थी स्वीकारू.

भांडण येथेही मिटले नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. लढाई टळली एवढेच. डिसेंबर १९८० मध्ये परमगुरूंनी आपला प्रस्ताव दिला. चिलीने तो मान्य केला. आर्जेंटिनाने केला नाही. चर्चा रखडल्या, कटुता परतली. १९८२ साली आर्जेंटिना दुसऱ्याच बेटांवरून इंग्लंडशी लढून हरला. फेब्रुवारी १९८३ मध्ये कार्डिनल सामोरे देवाघरी गेले. ज्या कार्यासाठी ते म्हातारपणी डोंगरावरून येरझारा घालीत राहिले, त्याचा शेवट त्यांनी पाहिला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस आर्जेंटिनात लोकनियुक्त सरकार आले. त्याने हा प्रश्न जनतेपुढे ठेवला आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये शंभरातील सुमारे ब्याऐंशी मते समेटाच्या बाजूने पडली. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये शांतता आणि मैत्रीच्या तहावर सह्या झाल्या. बेटे चिलीकडे राहिली. समुद्राचा मोठा भाग आर्जेंटिनास मिळाला. पुन्हा एकदा दोघांनीही काही सोडले, तेव्हाच दोघांस काही मिळाले.

पेरलेले सुरुंग काढून संपविण्यास मात्र चिलीला २०२० साल उजाडावे लागले. आपल्या साऱ्या सीमांवरून मिळून सुमारे १ लाख ८० हजार सुरुंग त्या देशाने नष्ट केले. द्वेष पेरण्यास एक हंगाम पुरतो. तो उपटण्यास चाळीस वर्षे लागतात. दक्षिणेकडील हिमक्षेत्राचा प्रश्न १९९८ च्या कराराने बव्हंशी सुटला, तरी तेथील एक तुकडा प्रत्यक्ष आखावयाचा अद्याप राहिला आहे. नकाशावर तेथे रेषा नाही. तरीही तेथे लढाई नाही. रेषा नसतानाही शेजारी सुखाने राहू शकतात, आणि रेषा पक्की असूनही राहू शकत नाहीत, हे या पर्वताने दोन्ही प्रकारे दाखविले आहे.

मूर्तीपासून पुष्कळ दक्षिणेस, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, अरण्यांतून जाणारी एक खिंड आहे. चिलीच्या ओसोर्नो शहराकडून आर्जेंटिनाच्या सरोवरांकडे जाणारा रस्ता तिच्यातून जातो. तिला आता कार्डिनल सामोरे यांचे नाव आहे. मला हे नाव फार समर्पक वाटते. शिखरास माणसाचे नाव देणे सोपे. पण शिखर दोघांस वेगळे करते आणि खिंड दोघांस भेटविते. मध्यस्थाचे नाव खिंडीसच शोभते.

संत पौलाने इफिस येथील ख्रिस्ती लोकांस लिहिताना ख्रिस्तालाच आपली शांती म्हटले आहे. दोन लोकांमधील भिंत त्याने पाडली, असे तो सांगतो. ती भिंत त्याने पाडली ती स्वतःच्या देहाने, हे आपण विसरतो. ब्राँझच्या मूर्तीने भांडण मिटले नाही, म्हणून मूर्ती व्यर्थ ठरत नाही. आपण काय शपथ घेतली होती, याची साक्ष ती उन्हापावसात देत राहिली. परंतु साक्ष एक आणि सेवा दुसरी. सेवेसाठी हाडामांसाचे माणूस लागते: विमानातून उतरणारे, दारोदार जाणारे, अपमान गिळणारे, आणि फळ पाहण्यापूर्वीच मरावयास तयार असलेले.

त्या आजींना आता मी खरे उत्तर दिले आहे. “भांडले, आजी. चौऱ्याहत्तर वर्षांनी पुन्हा भांडावयास उठले. मग कोणीतरी मध्ये जाऊन उभे राहिले.” आजी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे फादर, बांधावर क्रूस रोवून तुमचं काम संपलं नाही म्हणा की.” मी होय म्हटले. ज्या दोन घरांचा समेट मी एका सायंकाळी उरकला होता, त्यांच्या दारी मी पुन्हा जाऊ लागलो आहे. अजून पुष्कळ येरझारा बाकी आहेत. वाचकहो, आपल्याही गावात असा एखादा बांध असेल. तेथे क्रूस असेल तर उत्तमच. पण त्याच्या शेजारी एक माणूसही हवे. ते आपण व्हावे, एवढी कृपा प्रभू आपल्या सर्वांवर करो.